मुक्कामाची किंमत

पदभ्रमणाच्या साहित्यात वाट असते, शिखर असते, धुके आणि पाऊस असतो, आणि चालणाऱ्याचे 'स्व' तर असतेच असते. नसतो तो मुक्काम. दिवसाचे वर्णन तीन पाने चालते आणि रात्र एका वाक्यात उरकली जाते: अमुक ठिकाणी पाठ टेकली, पहाटे निघालो. पाठ कुठे टेकली, ती जागा कुणाची होती, तिचे किती पैसे पडले, अंथरूण कुणी घातले आणि सकाळी ते कुणी झटकले, हे प्रश्न लेखकाला सुचत नाहीत आणि समीक्षकालाही पडत नाहीत. माझे म्हणणे असे की प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची खरी परीक्षा मुक्कामाच्या जागी होते. वाटेवर प्रत्येक जण कवी असतो. दार ठोठावताना तो कोण आहे ते कळते.

हे म्हणणे तपासण्यासाठी अमेरिकेतील अ‍ॅपलेचियन ट्रेलचे उदाहरण सोयीचे आहे, कारण तिथे वाट आणि मुक्काम यांचे नाते उघड दिसते. बेंटन मकाय यांनी 1921 साली एका वास्तुशास्त्रविषयक नियतकालिकात या वाटेची कल्पना मांडली. 1937 साली ती सलग पूर्ण झाली. जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधील कटाडिन पर्वतापर्यंत चौदा राज्यांतून जाणारी ही वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे. ती एका दमात चालणाऱ्याला साधारण पाच ते सात महिने लागतात. एवढे दिवसांचे अन्न पाठीवर वाहणे अशक्य. म्हणून दर चार-पाच दिवसांनी वाटसरू डोंगरातून खाली उतरतो, एखाद्या लहान गावात येतो आणि तिथल्या स्वस्त मोटेलात किंवा हॉस्टेलात एक रात्र काढतो. उत्तर कॅरोलायनातील हॉट स्प्रिंग्ज, व्हर्जिनियातील डमॅस्कस अशा काही गावांत तर वाट थेट मुख्य रस्त्यावरूनच जाते.

अशा मोटेलांच्या जाहिरातीत 'हायकर-फ्रेंडली' हे विशेषण असते. त्याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. कपडे धुण्याचे यंत्र आहे आणि ते चालू असेपर्यंत अंगावर घालायला जुनेपाने कपडे मिळतील. टपालाने आधी पाठवलेले शिध्याचे खोके मालक सांभाळून ठेवेल. वाटेच्या तोंडाशी गाडीने सोडण्याची सोय होईल. कोपऱ्यात एक खोके असते. एकाला जड झालेला तांदूळ, नको असलेले मोजे, अर्धवट उरलेला इंधनाचा डबा त्यात टाकायचा आणि दुसऱ्याने विनाविचारणा उचलायचा. ज्या दिवशी एक मैलही चालायचे नाही त्या दिवसाला हे लोक 'झीरो' म्हणतात. हजारो मैलांच्या हिशेबात शून्य मैलांचा हा दिवस जमेचा धरला जातो, हे मला अर्थपूर्ण वाटते.

मात्र या वाटेवरच्या लेखनाला त्या शून्याची थोडी लाज वाटते. तिथल्या निसर्गलेखनावर स्वावलंबनाच्या कल्पनेची दाट सावली आहे. ती हेन्री डेव्हिड थोरोपर्यंत मागे नेण्याची प्रथा आहे. परंतु थोरो स्वतः या बाबतीत त्याच्या शिष्यांपेक्षा प्रामाणिक होता. 1846 साली तो कटाडिनवर गेला. त्या प्रवासाच्या वृत्तान्तात जॉर्ज मकॉस्लिन नावाचा शेतकरी येतो. थोरो आणि त्याचे सोबती त्याच्या घरी मुक्कामाला राहतात आणि पुढे तोच त्यांची नाव हाकतो. थोरोने त्याचे घर, त्याचे जेवण, त्याचे कसब हे सारे नावानिशी नोंदले आहे. पुढच्या लेखकांनी शिखरावरचा थोरो उचलला आणि मकॉस्लिनच्या घरचा थोरो मागे ठेवला.

बिल ब्रायसनचे 'अ वॉक इन द वूड्स' (1998) लोकप्रिय झाले याचे एक कारण म्हणजे त्याने ही लाज बाजूला ठेवली. तो आणि त्याचा सोबती कॅट्झ मोटेलच्या खोलीसाठी, गरम पाण्यासाठी, हॉटेलातल्या जेवणासाठी उघडपणे आसुसलेले असतात. पूर्ण वाट ते चालतही नाहीत. तरीही गाव आणि गावकरी हे ब्रायसनला विनोदासाठीच हवे असतात. चेरिल स्ट्रेड पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर 1995 साली चालली आणि 'वाइल्ड' 2012 साली प्रसिद्ध झाले. तिच्या चालण्याचा आरंभ मोहावी गावातील मोटेलच्या खोलीत होतो. तिथे ती पाठपिशवी भरते आणि ती पिशवी तिला उचलतच नाही. पुस्तकातला हा प्रसंग सर्वांना आठवतो, खोली मात्र कुणाला आठवत नाही. दार लावून, एकटीने, कुणी न पाहता फजित होण्याची मोकळीक त्या खोलीने तिला दिली होती. स्त्रीच्या प्रवासवर्णनात ही गोष्ट किरकोळ नाही.

इथे 'फ्रेंडली' या शब्दाकडे पुन्हा पाहावे लागते. एखादे मोटेल पदभ्रमंतांचे स्नेही आहे असे मुद्दाम सांगावे लागते, याचा अर्थ इतर तसे नसतात. आठवडाभर न धुतलेल्या अंगाचा वास आणि चिखलाने माखलेले बूट घेऊन येणारा गिऱ्हाईक सगळ्यांनाच हवा असतो असे नाही. एमा गेटवुड 1955 साली वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कापडी बूट घालून आणि हाताने शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून ही वाट एकटीने पूर्ण चालली. संध्याकाळी ती अनोळखी घरांची दारे ठोठावत असे. काही उघडली, काही मिटलीच राहिली. अकरा मुलांची ही आई नवऱ्याच्या मारहाणीच्या संसारातून बाहेर पडलेली होती, हे लक्षात घेतले की 'घर म्हणजे आसरा' हे आपले आवडते समीकरण डळमळू लागते. घराचे दार उघडते ते प्रश्न विचारूनच: कोण, कुठली, एकटीच कशी? मोटेलच्या खिडकीतला माणूस पैसे मोजतो आणि किल्ली पुढे सरकवतो. या कोरडेपणाची आपण फार निंदा केली आहे. त्याचे मोल ज्याला दारातून परत पाठवले गेले त्याला विचारावे.

मराठी वाचकाला यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोदा संस्थानाच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव सांगून राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. त्याच आठवणींत लहानपणी गोरेगावला केलेल्या प्रवासाची हकिगत आहे. तिथे प्रश्न पाण्याचा आणि रात्रीच्या थाऱ्याचा आहे. आपल्याकडील प्रवासलेखनाच्या अभ्यासात या आठवणी सहसा येत नाहीत. त्या आत्मचरित्राच्या किंवा दलित साहित्याच्या कप्प्यात ठेवल्या जातात. माझ्या मते मुक्कामाविषयी मराठी माणसाने लिहिलेला हा सर्वांत महत्त्वाचा मजकूर आहे, आणि तो वगळून रचलेला प्रवासवर्णनाचा कोणताही इतिहास अपुरा आहे.

दुसरीकडे अमेरिकेत हाच प्रश्न एका मोटेलच्याच नावाने न्यायालयात गेला. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक निवासांत वंशभेद करण्यास मनाई केली. अटलांटामधील 'हार्ट ऑफ अटलांटा' या मोटेलच्या मालकाने त्याला आव्हान दिले आणि त्याच वर्षी 14 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. तोपर्यंत काळ्या प्रवाशांना आपल्याला कुठे खोली मिळेल हे सांगणारी 'ग्रीन बुक' ही मार्गदर्शिका जवळ बाळगावी लागत होती. ती 1936 पासून निघत होती. अ‍ॅपलेचियन ट्रेलचा दक्षिणेकडचा भाग याच राज्यांतून जातो. वाट 1937 साली पूर्ण झाली खरी, पण ती कुणासाठी पूर्ण झाली, हे मुक्कामाचा इतिहास पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. भारताच्या संविधानातील पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि विहिरी यांच्या बरोबरीने हॉटेलांचाही उल्लेख आहे. तो तपशील कोरडा वाटतो, पण त्यामागे कितीतरी रात्री उभ्या आहेत.

आता सह्याद्रीकडे वळू. आपल्या दुर्गभ्रमणाच्या लेखनात एक ठरलेला परिच्छेद असतो. पायथ्याच्या वाडीत मामा भेटतात, मावशी चुलीवरचे पिठले आणि भाकरी वाढतात, पोटभर जेवण होते आणि शहरात हरवलेली माया इथे सापडल्याचे लेखक नोंदवतो. मामांना नाव नसते, मावशींना आवाज नसतो आणि पैशांचा उल्लेख आलाच तर 'घेतच नव्हते, बळेच दिले' असा येतो. गो. नी. दांडेकरांनी राजमाचीवरच्या माणसाला 'माचीवरला बुधा'चा नायक केले, हे खरे. कादंबरीने दिलेले हे स्थान प्रवासवर्णनाने मात्र पुढे चालवले नाही. आज अकोले तालुक्यातील बारी किंवा पाचनई, राजमाचीखालची उधेवाडी, राजगडाखालचे गुंजवणे अशा गावांत अनेक घरांवर जेवणाची व राहण्याची सोय असल्याच्या पाट्या आहेत. शनिवारी रात्री दोन बसभर माणसे उतरतात. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या मुलखात उन्हाळ्यात पाण्यासाठी लांब जावे लागते, आणि ते बहुधा बायकाच आणतात. पाहुण्याने सकाळी अंगावर घेतलेली गरम पाण्याची बादली त्या पाण्याची असते. हा व्यवसाय आहे, कष्टाचा आहे, त्याला दर आहे. त्याला 'माया' म्हटले की दरात घासाघीस करणे सोपे जाते. नात्याचा शब्द वापरायचा आणि मोबदला नात्याच्याच मापाने द्यायचा, ही आपली जुनी सवय आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उथळ नाही. सगळ्याचा हिशेब मांडला तर आतिथ्य उरेल कुठे? दारात आलेल्याला विन्मुख न पाठवणारी, परिक्रमावासीयाला सदावर्तातून शिधा देणारी संस्कृती आपण दरपत्रकात बसवायची का? सदावर्ताची परंपरा थोर आहे, हे मान्यच आहे. पण तिचाही हिशेब होता. तो पुण्याच्या चलनात होता, आणि ते चलन सगळ्यांच्या हाती नव्हते. अनेक धर्मशाळा विशिष्ट ज्ञातींसाठीच बांधलेल्या होत्या. शिवाय हिशेबाने लेखन रुक्ष होते, हा समजही आपल्याच वाङ्मयाने खोटा ठरवला आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' 1907 साली प्रसिद्ध झाला. वरसईचा हा भिक्षुक 1857 च्या धामधुमीत उत्तरेत गेला तो घरचे कर्ज फेडायला दक्षिणा मिळवण्यासाठी, आणि हे तो लपवत नाही. कुठे उतरलो, काय खाल्ले, किती मिळाले, किती लुटले गेले, हे सारे तो सांगतो. त्या आकड्यांमुळेच झाशीतली भीती आपल्याला खरी वाटते. आपण त्याच्या धैर्याची वाखाणणी करतो, त्याच्या जमाखर्चाकडून मात्र काही शिकलो नाही.

यजमानाची बाजूही यात आली पाहिजे. अमेरिकेतील मोटेलांचा फार मोठा हिस्सा आज भारतीय वंशाच्या, त्यातही गुजराती कुटुंबांच्या मालकीचा आहे. त्यांची संघटना 1989 साली स्थापन झाली. यांतली कितीतरी कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच इमारतीत, खिडकीमागच्या दोन खोल्यांत राहिली आणि चादरी धुण्यापासून हिशेबापर्यंत सारे घरच्यांनीच केले. मीरा नायर यांच्या 'मिसिसिपी मसाला' (1991) या चित्रपटात असे एक मोटेल दिसते आणि पवन धिंग्रा यांनी 2012 साली या कुटुंबांवर एक अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला. वाटेवरच्या पुस्तकांत मात्र हा माणूस किल्ली देणाऱ्या हातापलीकडे फारसा दिसत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पुराने हॉट स्प्रिंग्ज, अर्विन, डमॅस्कस या गावांची दैना केली. वाटसरू दुसऱ्या वाटेने गेले. मुक्काम चालवणाऱ्याला जाण्यासाठी दुसरी वाट नव्हती. त्यांचे घर आणि धंदा एकाच पुरात सापडले होते.

म्हणून प्रवासवर्णन शिकवणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. निसर्गवर्णन, आत्मशोध, शैली यांवरचे प्रश्न विचारून झाले की विद्यार्थ्यांना पुस्तकातल्या रात्री मोजायला सांगाव्यात. लेखक कुठे झोपला? त्या जागेचे पैसे दिले का, किती दिले? जेवण कुणी रांधले, त्या व्यक्तीला नाव आहे का? आणि सर्वांत शेवटी: याच दारात, त्याच संध्याकाळी, दुसरे कोणी उभे असते तर ते उघडले असते का? बहुतेक पुस्तकांत उत्तराच्या जागी कोरा कागद सापडेल. तो कोरा कागद त्या पुस्तकाचाच भाग आहे, आणि त्यावर लिहिण्याचे काम पुढच्या लेखकांचे आहे. सुरुवात कठीण नाही. पुढच्या वेळी पायथ्याच्या घरी उतराल तेव्हा मावशींचे नाव विचारा, दर विचारा, तो न कुरकुरता द्या, आणि लिहायला बसाल तेव्हा दोन्ही लिहा. नाव मात्र त्यांना विचारूनच.