विश्लेषण : फोटोतल्या लपलेल्या नोंदी फोनला धोक्यात कशा आणतात?

मोबाइलने फोटो काढला की चित्राबरोबर कॅमेऱ्याचे मॉडेल, तारीख, वेळ आणि लोकेशन सुरू असेल तर अक्षांश-रेखांशही फाइलमध्ये जाऊन बसतात. ही नोंद म्हणजे 'एक्झिफ'. जपानमध्ये १९९५ साली ठरलेले हे मानक आजही जगभर वापरात आहे. ती वाचायला प्रत्येक ॲप नवा कोड लिहीत बसत नाही, तयार लायब्ररी वापरते. 'लिबएक्झिफ' ही त्यातलीच एक, मोफत आणि मुक्तस्रोत. अँड्रॉइडनेही ती घेतली. तिच्यातील एक गंभीर त्रुटी (सीव्हीई-२०२०-०४५२) गुगलने नोव्हेंबर २०२०च्या सुरक्षा अपडेटमध्ये दुरुस्त केली. अँड्रॉइड ८ पासून ११ पर्यंतच्या आवृत्त्यांत ती होती.

नेमकी चूक काय?

एक्झिफमधली नोंद आपला आकार स्वतःच सांगते. तो आकडा फाइल बनवणाऱ्याने लिहिलेला, म्हणजे खोटाही असू शकतो. नोंद वाचण्यासाठी 'आकार अधिक थोडे बाइट' एवढी मेमरी मागितली जाते. मात्र ३२ बिटमध्ये मावणारी कमाल संख्या ४,२९,४९,६७,२९५. त्यापुढे गेले की जुन्या वीजमीटरप्रमाणे आकडा पुन्हा शून्यावर येतो. आकार अवाढव्य लिहिला की बेरीज उलट चिमुकली होते, मेमरीही तेवढीच मिळते आणि मजकूर तिच्या हद्दीबाहेर सांडतो. तिथे काय सांडावे हे हल्लेखोराने ठरवले, तर त्याचा कोड फोनवर चालू शकतो. हे रोखणारी तपासणी कोडमध्ये होती, हे विशेष! पण ती अशी लिहिली होती की कंपायलर तिला निरर्थक समजून वगळू शकत होता.

आदल्या वर्षी सापडलेल्या त्रुटीतही (सीव्हीई-२०१९-९२७८) अशीच तपासणी फसली होती. एक भोक बुजवले, शेजारचे राहिले. याचा दोष फुकट काम करणाऱ्या स्वयंसेवकांना देणे सोपे आहे; पण हाच कोड घालून फोन विकणाऱ्या कंपन्यांनी तो तपासायला नको होता का?

धोका कोणाला?

'अनोळखी फोटो उघडू नका' हा सल्ला इथे अपुरा पडतो. ॲप बाहेरून आलेला फोटो या लायब्ररीने वाचत असेल, तर वापरकर्त्याने काही करण्याची गरजच नव्हती. शिवाय गुगलची दुरुस्ती थेट फोनवर येत नाही, ती फोन कंपनीने पाठवावी लागते. स्वस्त फोनसाठी अनेक कंपन्या दोन-तीन वर्षांत अपडेट थांबवतात. फोन मात्र चालूच राहतो, आजोबांकडे किंवा मुलांच्या अभ्यासाला. अशा फोनच्या सेटिंग्जमध्ये 'सुरक्षा अपडेट'ची तारीख १ नोव्हेंबर २०२० च्या आधीची दिसली, तर ही दुरुस्ती त्यात पोहोचलेली नाही.