सुट्टीतली तीन पुस्तकं आणि शाळेचा पहिला आठवडा



उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा उघडतात. नालवाडीत मे महिन्याच्या दुपारी घराबाहेर पडणं नकोसं होतं. तेव्हा कूलरसमोर बसून मी या सुट्टीत तीन पुस्तकं वाचली. तिन्ही शिक्षकांबद्दलचीच. डी.एड.ला असताना त्यांची नावं ऐकली होती, थोडी पानंही चाळली होती. पण सलग वाचायला सुट्टीच लागते.

पहिलं गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न'. मूळ गुजराती, नव्वद वर्षांपूर्वीचं. त्यातले लक्ष्मीराम मास्तर प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मागून घेतात. पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घ्यायचा ठरवून जातात, तर मुलं वर्ग डोक्यावर घेतात! मग दुसऱ्या दिवसापासून ते गोष्टी सांगायला लागतात आणि मुलांना काय आवडतं ते बघत पुढचं ठरवतात.

दुसरं 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांचं मूळ जपानी पुस्तक १९८१ सालचं. पहिलीतच शाळेतून काढलेल्या मुलीला आई तोक्योतल्या तोमोई शाळेत आणते. इथे रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात. मुख्याध्यापक कोबायाशी आईला घरी पाठवतात आणि त्या मुलीचं बोलणं ऐकत बसतात. किती वेळ? तब्बल चार तास!

तिसरं आपल्या मराठीतलं, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची. धनगरांच्या वाडीवर नवा मास्तर जातो. मुलं मेंढरांमागे, शाळेत कोण येणार? तो कारभाऱ्याजवळ बसतो, लोकांच्या अडचणी ऐकतो, त्यांच्या कामात पडतो आणि मग शाळा भरायला लागते. शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी ओस पडते. मास्तर चांगला होता म्हणून पाऊस पडला नाही, हेही माडगूळकर लपवत नाहीत.

तिन्ही पुस्तकांतला शिक्षक शिकवण्याआधी ऐकतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं की, शाळेचा पहिला आठवडा मुलांचं ऐकण्यासाठी राखून ठेवावा.

तुम्ही म्हणाल, "मॅडम, चाचण्या कधी घ्यायच्या? माहिती कधी भरायची?" बरोबर आहे. वार्षिक परीक्षा लक्ष्मीराम मास्तरांनाही चुकली नव्हती. पण साधा हिशोब करून बघा. रोज पाच मुलं, प्रत्येकाला दहा मिनिटं, म्हणजे पन्नास मिनिटं. तीस मुलांचा वर्ग सहा दिवसांत होतो. तेवढ्या वेळात बाकीची मुलं चित्रं काढतील, गोष्टीची पुस्तकं चाळतील. प्रत्येक मुलाबद्दल वहीत दोन ओळी लिहून ठेवायच्या. चाचणीतून मुलाला वाचता येतं की नाही ते कळतं. पण आई-बाप कामासाठी बाहेरगावी गेले म्हणून ते आजीजवळ राहतं आणि म्हणून सोमवारी गैरहजर असतं, हे चाचणी सांगत नाही.

ऐकताना एक पथ्य मात्र पाळावं. मुलाची भाषा दुरुस्त करू नये. आईसोबत वावरात सरकी टोबायला गेलेलं पोर पऱ्हाटी, निंदण, डवरणी असे शब्द घेऊन येतं. "नीट बोल" म्हटलं की ते गप्प बसतं, आणि त्याच्याजवळचं सगळं ज्ञानही तिथेच राहतं. प्रमाण मराठी शिकवायला पुढे वर्षभर आहेच की.

आपल्या वर्ध्याला तर हे नवं वाटू नये. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथेच शिक्षण परिषद भरली. मातृभाषेतून शिक्षण आणि हाताच्या कामातून शिक्षण, या गोष्टी तिथे मांडल्या गेल्या. त्यातूनच नई तालीम उभी राहिली. विनोबा १९३८ मध्ये पवनारला गेले, त्याआधी काही वर्षं ते आपल्या नालवाडीतच राहत होते. सुताच्या मजुरीवर पोट भरतं का, हे त्यांनी स्वतः कातून पाहिलं. आपल्या मुलांच्या आई-बापाचं काम काय आहे, त्यात किती कष्ट आहेत, एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं ना?

पालकहो, हे फक्त शाळेचं काम नाही. मूल घरी आलं की "आज काय शिकवलं?" हे आपण विचारतोच. कधी "आज तू काय सांगितलंस?" हेही विचारून बघा. दहा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवा. मध्ये बोलू नका, सल्ला देऊ नका.

कोबायाशींसारखे चार तास आपल्या कुणाजवळच नाहीत. पण दहा मिनिटं नक्की आहेत. या वर्षी करून बघा, आणि मुलांनी काय सांगितलं ते मलाही जरूर कळवा.