आग नव्हतीच

आपल्या जामनेर तालुक्याला लागून असलेल्या पाचोरा तालुक्यात, माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या दरम्यान, २२ जानेवारी २०२५ रोजी पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि त्याच रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं हकनाक गेली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. 'आग, आग' ऐकल्यावर तुम्ही-आम्हीही उतरलोच असतो. पण पॅनिक अॅटॅक समजून घ्यायचा तर मला हीच घटना आठवते. धोका नसताना शरीर आतून तसंच ओरडतं. आवईने जीव जात नाही, घाईघाईत मारलेल्या उडीने जातो.

ही आवई उठते तेव्हा छाती धडधडते, घाम फुटतो, घसा आवळतो, हातापायांना मुंग्या येतात. 'आता मी वाचत नाही' असं वाटतं. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या आणि गरगर बरीचशी त्यामुळेच. म्हणून 'जोरजोरात श्वास घे' हा सल्ला उलटाच पडतो.

आपल्याकडे दुकानात एखादा असा घाबराघुबरा झाला की काय होतं? एक जण कांदा फोडून नाकाशी धरतो, दुसरा गुळाचं पाणी पाजतो, तिसरा 'बाहेरचं दिसतंय' म्हणतो. दहा डोकी भोवती जमतात. त्यांतल्या नवांनी बाजूला व्हावं. उरलेल्या एकाने शेजारी बसून शांतपणे आकडे मोजावेत: नाकाने श्वास आत घेताना चार, ओठांतून हळू सोडताना सहा. मग समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावावीत: वजनकाटा, पोतं, दुकानाची पाटी, काहीही. 'टेन्शन घेऊ नको' म्हणण्यापेक्षा 'हे आधीही आलं होतं, गेलं होतं, आताही जाईल, मी इथेच आहे' हे जास्त कामाचं. शक्य असेल तर झटका ओसरेपर्यंत जागा सोडू नये. पळालं की पळाल्यामुळेच वाचलो असं मनात बसतं. मग आधी आठवडी बाजार सुटतो, नंतर एसटी, शेवटी घराचा उंबरा. खरी उडी ती.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. पहिल्यांदाच असं झालं, छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, चालताना-चढताना दुखलं, शुद्ध हरपली किंवा मधुमेह, बीपी असेल, तर 'पॅनिक असेल' म्हणून घरी बसू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढा. बाईमाणसाची छाती दुखली की 'मनाचं असेल' म्हणण्याची खोड तर सोडाच. थायरॉइड आणि रक्त कमी असणं यांनीही धडधड होते, तेही तपासून घ्यावं.

आता मुद्द्याचं. ईसीजी चांगला आला की एक सलाईन लागतं, 'सगळं नॉर्मल आहे' सांगतात आणि पेशंट घरी. पुढच्या झटक्याला दुसरा दवाखाना, पुन्हा ईसीजी, पुन्हा 'नॉर्मल'. पैसे जातात, भीती राहते आणि घरचे 'नाटकं करतो' म्हणायला मोकळे. पॅनिकवर उपचार आहेत: विचार आणि सवयी बदलणारी थेरपी, गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेल्या आणि मनाने बंद न केलेल्या गोळ्या. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. खानदेशात एकही नाही. पण यासाठी तिथे जावंही लागत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलते.

म्हणून तालुक्यातल्या डॉक्टरांकडे एवढंच मागणं आहे. ज्या कागदावर 'ईसीजी नॉर्मल' लिहिता, त्यावरच खाली लिहा: 'पॅनिक असण्याची शक्यता, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, १४४१६.' औषधाच्या दुकानात तो कागद दाखवायला लाज वाटेल, ही सबब पेशंटची असू शकते, डॉक्टरांची नसावी.