मत देण्याआधी उगवण तपासा



आपल्या केसेस फी न घेता लढणारा वकील निवडणुकीला उभा राहिला की आपलं मन भरून येतं. यायलाच हवं. पण घरची ज्वारी पेरायची तर दाणा नुसता टपोरा असून भागत नाही. १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे आणि ७५ उगवले तर पेरायचे. उमेदवाराचीही अशीच उगवण तपासावी, असं आम्ही म्हणतो.

अमेरिकेतलं मिसिसिपी हे कापसाचं जुनं राज्य. तिथे काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. खटले चालवणारा सरकारी वकील तिथे लोकांच्या मतांनी निवडून येतो. २०१५ साली चार काउंट्यांच्या मतदारांनी स्कॉट कोलम या तरुण कृष्णवर्णीय वकिलाला निवडलं. पाव शतक त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला त्याने हरवलं. त्या जुन्या काळात लेव्हॉन ब्रुक्सला जन्मठेप आणि केनेडी ब्रूअरला फाशी झाली होती. पुरावा काय? मृताच्या अंगावरचे दाताचे वळ यांचेच, ही एका दंतवैद्याची साक्ष. दोघेही निरपराध. निर्दोष ठरायला २००८ साल उजाडलं.

त्याच दंतवैद्याच्या साक्षीवर एडी ली हॉवर्डही फाशीच्या कोठडीत होता. सुरीवरचा डीएनए त्याचा नाही, असं निघालं. २०२० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा हुकूम दिला. खटला पुन्हा उभा करायचा की सोडायचा, हे आता कोलमच्या हातात होतं. त्याने खटला काढून टाकण्याचा अर्ज दिला. जानेवारी २०२१ मध्ये हॉवर्ड निर्दोष म्हणून मोकळा झाला.

कोलमची नियत चांगली होती आणि त्याच्या खुर्चीत तेवढा अधिकारही होता. दोन्ही जुळलं म्हणून एक जीव वाचला.

आता आपल्याकडे या. आपला सरकारी वकील राज्य सरकार नेमतं. रास्ता रोकोचे खटले मागे घ्यायचे तर त्याने अर्ज करायचा आणि कोर्टाने परवानगी द्यायची. पूर्वी हे कलम ३२१ होतं, २०२४ पासून नव्या संहितेत ते ३६० आहे. निर्णयाची दोरी मंत्रालयात आहे. म्हणून जिल्हा परिषदेचा उमेदवार, "मला निवडून द्या, तुमच्या केसेस काढतो," असं म्हणाला तर नम्रपणे विचारा, "वकीलसाहेब, कोणत्या अधिकारात?"

याचा अर्थ चांगला वकील तिथे नकोच, असा नाही. जिल्हा परिषदेत शाळा, दवाखाने, गावरस्ते आहेत. बाजार समितीत काट्यातली लूट आणि रखडलेला चुकारा आहे. कायदा जाणणारा प्रामाणिक माणूस तिथे पुष्कळ करू शकतो.

तेव्हा सभेत तीन प्रश्न विचारा. या खुर्चीला कोणता अधिकार आहे? पहिल्या वर्षात त्यातून काय करणार? हिशेब द्यायला याच पारावर कधी येणार? उत्तरं सहीनिशी लिहून घ्या. लिहून देणारा आपला. हात जोडून पुढच्या गावाला निघणारा कितीही मोठा वकील असला, तरी त्याची उगवण कळली.