मातृशक्तीच्या पिशवीत लिटरभर तेल. ओमेगा-3 चं काय?

सुरत : लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. तिथल्या गरोदर बाईला गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री मातृशक्ती योजनेतून अंगणवाडीत दरमहा 2 किलो चणे, 1 किलो तूरडाळ आणि 1 लिटर खाद्यतेल मोफत मिळतं. जून 2022 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते वडोदऱ्यात सुरू झालेली ही योजना गर्भधारणेपासून पुढच्या 1000 दिवसांसाठी आहे.

योजना कामाची आहे, यात वाद नाही. अडचण अशी की तेल लिटरने मोजलं जातं, त्यात काय आहे यावर फारसं कुणी बोलत नाही.

दोन फॅटी ॲसिड शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती ताटातूनच यावी लागतात. एक ओमेगा-6 गटातलं लिनोलेइक, दुसरं ओमेगा-3 गटातलं अल्फा-लिनोलेनिक. सुरतच्या घराघरांत शेंगदाण्याचं नाहीतर सरकीचं, म्हणजे गुजरातीतलं कपासिया, तेल असतं. दोन्हींत ओमेगा-6 भरपूर, ओमेगा-3 मात्र नावापुरतं. सोयाबीन आणि मोहरीच्या तेलात ते बऱ्यापैकी असतं. जवसाच्या तेलात तर निम्म्याहून जास्त तेच.

बाळाच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात जे डीएचए साठतं, ते ओमेगा-3 गटातलंच. जवसातल्या ओमेगा-3 पासून शरीर थोडंसंच डीएचए बनवतं. तयार डीएचए मिळतं ते बांगडा, तारली अशा तेलकट मासळीतून, थोडं अंड्यातून. माळकरी घरांत हे दोन्ही वर्ज्य. पुण्यात भारती विद्यापीठातल्या संशोधकांना गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या आणि अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या स्त्रियांत डीएचए कमी आढळलं आहे.

इथेच औषध दुकानातले महागडे डबे पुढे येतात. 'बाळ हुशार होईल' या दाव्याला मात्र भक्कम पुरावा नाही. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात 70 चाचण्या तपासल्या गेल्या. ओमेगा-3 घेतलेल्या गटात 34 आठवड्यांआधीच्या प्रसूतींचं प्रमाण 4.6 टक्क्यांवरून 2.7 टक्क्यांवर आलं. मुलांच्या बुद्धीत ठळक फरक दिसला नाही. पण लवकर जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर लूमवर काम करणाऱ्या घराचं काय होतं, हे उधन्यात कुणाला समजावून सांगायला नको. तेव्हा फायदा छोटा नाही, जाहिरातीतला नाही एवढंच. गोळी घ्यायची की नाही, ते डॉक्टरांनी ठरवावं.

दुसरा पेच सीमेचा. डीएचए बाळात सर्वात जास्त साठतं ते शेवटच्या तीन महिन्यांत. आणि पहिलटकरीण सातव्यात माहेरी निघते ती नेमकी तेव्हाच. ताप्ती लाईनच्या गाडीने नवापूर ओलांडलं की मातृशक्तीची पिशवी मागे राहते. नंदुरबारच्या आदिवासी भागात माहेर असेल तर महाराष्ट्राच्या अमृत आहार योजनेचं गरम जेवण आहे, त्यात अंडं किंवा केळं. अमळनेर, पारोळ्याकडे ती योजना नाही; तिथे अंगणवाडीचा नेहमीचा आहार. तोही नाव नोंदलं तर. केंद्राच्या पोषण ट्रॅकरवर नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येतं, पण निघण्याआधी सुरतच्या सेविकेला सांगायला हवं. ते राहून गेलं तर दोन राज्यांच्या मध्ये बाई तशीच लटकते.

तेल बदलणं सरकारच्या हातात आहे. सोयाबीन किंवा मोहरीचं तेल दिलं तर नवी योजना काढावी लागणार नाही. शेंगदाणा पिकवणाऱ्या गुजरातला ते कितपत रुचेल, ते वेगळं. तोवर जवसाची चटणी आहेच, गुजरातीत त्याला अळसी म्हणतात. जवस भाजून कुटायचं आणि भाकरीसोबत चमचाभर घ्यायचं. अख्खं गिळलं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं.

माहेरी जाताना ममता कार्ड आणि आधार सोबत ठेवावं, आणि पोहोचल्यावर त्याच आठवड्यात गावच्या सेविकेकडे नाव नोंदवावं.