पाळण्यातले परके नाव

आपल्या पत्रिकेत 'नवे पाहुणे' हे सदर गेली कित्येक वर्षे चालू आहे. सभासदांच्या घरी जन्मलेल्या बाळांची नावे त्यात छापली जातात. मराठी शाळा, नगर निगमातले प्रतिनिधित्व, भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क यांवर आम्ही कितीही पोटतिडकीने लिहिले, तरी अंक हाती पडताच निम्मे वाचक आधी हे सदर उघडतात, याची आम्हाला कल्पना आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत याच सदराबद्दल एका ज्येष्ठ सभासदांनी सूचना मांडली. नावे वाचून ही पत्रिका इंदूरच्या मराठी मंडळाची आहे की एखाद्या परदेशी विमान कंपनीची, असा प्रश्न पडतो. तेव्हा यापुढे परकी नावे छापू नयेत, अशी ती सूचना. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतले तरुण आईबाप गप्प बसले. एक जोडपे तर चहा न घेताच निघून गेले. विषय आता कार्यकारिणीपुढे आहे आणि तिने पत्रिकेचे मत मागवले आहे. ते आम्ही येथे उघडपणे देतो.

सूचना फेटाळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र सूचना मांडणाऱ्यांचा कळवळा खोटा नाही. रामबागेत किंवा राजेंद्रनगरात वाढलेल्या आजोबांना नातीचे नाव उच्चारताना जीभ चाचपडावी लागते, हे दुःख लहान नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात नातीचे नाव कियारा. आजी तिला लाडाने 'कैरी' म्हणते. नात ओ देते आणि सून हसते, म्हणून सारे गोडीत चालले आहे. सगळीच घरे इतकी समजूतदार नसतात.

आधी आईबापांची बाजू ऐकू. त्यांना नाव दोन-तीन अक्षरांचे हवे असते. ही नुसती हौस नव्हे. मराठी नावांचे इंदुरात काय होते ते पाहा. घरी आपण 'ऋतुजा' हे नाव 'रुतुजा' असे म्हणतो. शाळेतल्या हिंदीभाषक बाई 'रितुजा' म्हणतात, कारण हिंदीत 'ऋ'चा उच्चार 'रि' होतो. घरचा 'ज्ञानेश' आपल्या तोंडी 'द्न्यानेश' असतो, तो वर्गात 'ग्यानेश' होतो. मृण्मयीची दशा तर विचारू नये. पुढे याच मुलांना पुणे, बंगळुरू आणि जमल्यास टोरंटो गाठायचे असते. प्रत्येक मुक्कामी स्वतःचे नाव शिकवत बसण्यापेक्षा कुणालाही पहिल्या झटक्यात म्हणता येईल असे नाव बरे, हा हिशेब आम्हाला चुकीचा वाटत नाही. त्यात गुरुजींनी पत्रिकेवरून अक्षर काढून दिलेले असते. मृगाच्या चौथ्या चरणाला 'की' येते. 'की'वरून मराठी नावे आठवा: कीर्ती, किशोरी, किरण, आणि मग गाडी अडते. कियारा तिथूनच घरात शिरते.

आता 'आपल्यात असे कधी नव्हते' या वाक्याकडे येऊ. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. त्याच शहाजीराजांचे पुत्र शिवछत्रपती. नावातला 'शहा' फारसी आहे म्हणून कुणा मराठी माणसाला आजवर ते नाव परके वाटलेले नाही. आपल्याच माळव्याच्या शेजारी, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९१६ साली जन्मलेल्या मुलाचे नाव जॉर्ज जिवाजीराव ठेवले, आणि मुलीचे मेरी कमलाराजे. इंग्लंडचे राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यावरून ही नावे आली. साम्राज्याशी स्नेह राखायचा तो एक मार्ग होता. पुढे काय झाले? ग्वाल्हेरला आज जिवाजी विद्यापीठ आहे, कमलाराजांच्या नावाचे मुलींचे महाविद्यालय आहे. जॉर्ज आणि मेरी ही नावे अभ्यासकांना विचारावी लागतात.

इंदूरने याच्या उलट उदाहरणही पाहिले आहे. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. तिने हिंदू धर्म स्वीकारला आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. सिॲटलच्या मुलीने महाभारतातले, जोडाक्षरांनी भरलेले नाव जन्मभर वागवले. ते आखूड करून मागितले नाही. पण नाव उसने घेण्याचा हक्क तिला होता, तर रामबागेतल्या सुनेला तो नाही असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार?

राजघराण्यांचे सोडा. अण्णा, अप्पा, अक्का या हाका आपण कानडी मुलखातून घेतल्या, इतक्या मनापासून की त्यांच्यावाचून मराठी घर पुरे होत नाही. आणि बेबीताईंचे काय? साठीच्या पुढच्या किती तरी बेबीमावश्या आणि बेबीआत्या आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला येतात. 'बेबी' काही ऋग्वेदातून आलेले नाही! सूचनेला टाळ्या वाजवणाऱ्यांत दोन बेबीताई होत्या, हे आम्ही पाहिले आहे.

एवढे सांगूनही तरुण पालकांना दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहवत नाही. नाव उसने घ्या, पण कुठून घेतो हे तरी पाहून घ्या. बाजारात मिळणाऱ्या नावांच्या पुस्तिका वाटेल ते लिहितात. मायरा म्हणजे 'प्रिय' असा अर्थ त्यांत दिलेला असतो. खरे पाहता हे नाव फल्क ग्रेव्हिल या जुन्या इंग्रज कवीने आपल्या कवितांसाठी घडवले, असे नावांचे अभ्यासक मानतात. आणि आपल्या मारवाडी शेजाऱ्यांना विचाराल, तर मायरा म्हणजे भाच्याभाचीच्या लग्नात मामाने बहिणीच्या घरी आणायचा आहेर. नरसी मेहता आणि नानीबाईच्या मायऱ्याची कथा इथल्या गल्लोगल्ली होते. म्हणजे ज्या नावाला पालक विलायती समजतात, तो शब्द शेजारच्या अंगणात पिढ्यानपिढ्या नांदतो आहे. आम्हाला हा अर्थ इंग्रज कवीच्या अर्थापेक्षा जास्त आवडला. कियारा म्हटले तर इटालियन 'कियारा' म्हणजे स्वच्छ, उजळ. आयरिश भाषेत याच्या जवळचे जे नाव आहे, त्याचा अर्थ काळी किंवा सावळी. आपल्याकडे हे नाव पसरले ते बहुतांशी सिनेमामुळे. २०१० च्या 'अंजाना अंजानी' या चित्रपटातल्या नायिकेचे ते नाव होते, आणि पुढे आलिया अडवानी या अभिनेत्रीने तेच पडद्यासाठी घेतले.

सर्वांत गमतीचे 'काई'. हवाई बेटांच्या भाषेत काई म्हणजे समुद्र. छान अर्थ आहे. पण हिंदीत काई म्हणजे शेवाळ, आणि माळवीत 'कांई' म्हणजे 'काय'. या मुलाला राजवाड्याच्या चौकात हाक मारली, तर पाच-सात जण मागे वळून 'काय झाले?' म्हणतील. जगात कुठेही अडू नये म्हणून ठेवलेले नाव आपल्याच गावात अडते, तेव्हा हिशेब कुठे तरी फसला असे समजावे.

आणखी एक गोष्ट, जी सभेत कुणी बोलले नाही पण अनेकांच्या मनात होती. कियारा, मायरा यांच्यावर नाराजी आहे ती थट्टेच्या सुरात. अरबी-फारसी वळणाचे नाव असेल तर मात्र तीच नाराजी वेगळ्या सुरात येते. कबीर चालतो, साहिल चालतो, कारण ती कुठली हे आपण विसरलो आहोत. एखाद्या जोडप्याने 'आयरा' ठेवले की लगेच 'हे त्यांच्यातले नाव ना?' अशी कुजबुज. परक्या नावांवर बंदी घातली, तर ती प्रत्यक्षात कुणावर चालेल याचा विचार कार्यकारिणीने करावा. नावाच्या चाळणीतून माणसे गाळण्याचे काम एकदा सुरू झाले की ते बाळांवर थांबत नाही. या प्रांतात आपणही अल्पसंख्य आहोत. आपल्या आडनावांवरून आपल्याला 'बाहेरचे' म्हणणारे महाभाग निवडणुकीच्या दिवसांत आपण ऐकले आहेत.

उदरनिर्वाहासाठी आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो, म्हणून कागदांबद्दल थोडे अधिकाराने सांगतो. नाव आखूड असले की घोटाळे कमी होतात, हा समज बाळगू नका. मायराचे इंग्रजी हिज्जे कुणी 'वाय' घालून करतो, कुणी 'ए-आय' घालून. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे, शाळेत तिसरे. आणि खाते उघडायला आलेले वडील आमच्यावर रागावतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, पासपोर्ट, वाहन परवाना या सर्वांना जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तेव्हा त्यावरचे हिज्जे पहिल्याच दिवशी नीट ठरवा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नावाची घाई नसते. नाव न घालता नोंद होते. १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. रुग्णालयातून सुटी मिळायच्या आधी मोबाईलवर शोधून नाव टाकून देण्याची गरज नाही. बारसे होऊ द्या, आत्याला कानात कुर्र करू द्या, आजीच्या जिभेवर नाव बसते का पाहा, मग निगमाच्या खिडकीवर जा. आपल्या पद्धतीप्रमाणे वडिलांचे नाव मध्ये लिहायचे की नाही, हेही तेव्हाच ठरवा. इथले अर्ज वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा ठेवतात, आणि पुढे दोन कागदांवर दोन नावे होतात.

आता मूळ चिंतेकडे. मुलाचे नाव कियान ठेवल्याने इंदुरातून मराठी जाणार नाही. कियानशी घरात हिंदीत बोलल्याने जाईल. शंतनू, अनिरुद्ध अशी भारदस्त नावे असलेली आणि आजीशी चार वाक्ये मराठीत न बोलू शकणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्या नावांना सभेत कुणी हरकत घेतली नाही.

आणि याची मोजदाद आता होणार आहे. २०११ नंतरची पहिली जनगणना सुरू होत असून, लोकसंख्या मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. संदर्भाचा दिनांक १ मार्च २०२७. जनगणनेत भाषा ठरते ती मातृभाषेच्या रकान्यावरून. नाव मराठी वळणाचे आहे की इटालियन, हे तिथे कुणी पाहत नाही. हा रकाना घरातल्या प्रत्येकासाठी स्वतंत्र भरायचा असतो, तान्ह्या बाळासाठीही. जनगणनेच्या आजवरच्या नियमाप्रमाणे बाळाच्या बाबतीत आई जी भाषा बोलते ती लिहिली जाते. कुटुंबप्रमुखाची भाषा एकदा विचारून तीच सगळ्यांपुढे उतरवून काढणारे प्रगणक असतात, आणि 'हिंदीच लिहा, काय फरक पडतो' म्हणणारे आपले लोकही असतात. राज्यघटनेचे कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगते. त्या आधारे आपण कोणतीही मागणी घेऊन भोपाळला गेलो, की पहिला प्रश्न 'तुम्ही किती आहात?' हाच असतो. उत्तर या रकान्यातून निघते. ज्या घरात आई मराठी नाही, तिथे आम्ही आग्रह धरणार नाही; खरे असेल तेच लिहावे.

म्हणून सभेत चहा न घेता निघून गेलेल्या त्या जोडप्याकडे आपल्या कार्यकर्त्यांनी जावे, अशी आमची विनंती आहे. त्यांच्या मुलीचे नाव याच अंकात, नेहमीच्या जागी, आईवडिलांच्या नावांसह छापले आहे. जनगणनेच्या माहितीचे पत्रक मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत मिळेल. सुदामानगर आणि वैशालीनगर भागात घरोघरी जाण्यासाठी अजून माणसे हवी आहेत.