झावी, भारतीय फुटबॉल आणि एक खोटा ईमेल

जुलै 2025 मध्ये बातमी आली: बार्सिलोनाचा माजी कोच झावीने भारतीय संघाच्या कोचपदासाठी अर्ज केलाय, पण खर्च परवडणार नाही म्हणून फेडरेशनने तो बाजूला ठेवला. झालं! मीम्स सुरू, फेडरेशनला शिव्या सुरू. लगेच फेडरेशननेच जाहीर केलं की झावी आणि ग्वार्डिओला या दोघांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हते.

फॅन्सना मी दोष देणार नाही. संघ रँकिंगमध्ये 133 वर घसरलेला, आणि बातमीला दुजोरा फेडरेशनमधूनच. मग विश्वास बसणारच ना?

खरा घोळ इनबॉक्समध्ये आहे. ईमेलवर दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतं. पाच मिनिटांत तुम्हीसुद्धा ‘झावी’ व्हाल. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडलं आणि एसपीएफ, डीकेआयएमपुढे ‘पास’ दिसलं, तरी कळतं एवढंच की मेल खरंच त्या डोमेनवरून निघाला. तो कुणी टाइप केला, हे नाही कळत. त्यासाठी त्याच्या एजंटला फोनच लावावा लागतो. नोकरीच्या ऑफर लेटरचंही तेच: नंबर मेलमधला नको, कंपनीच्या वेबसाइटवरचा घ्या.

1 ऑगस्टला कोच झाले खालिद जमील. मुंबई एफसी अनेक वर्षं सांभाळलेले, 2017 मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून देणारे. त्यांच्या अर्जावर मात्र मला एकही मीम दिसलं नव्हतं.